आजारपणात कामावर खाडा: पगार, रजा आणि ईएसआयबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान महाराष्ट्रातल्या खासगी नोकरीतल्या लोकांसाठी आहे: कारखाना, दुकान, हॉटेल, गोदाम, ऑफिस, ठेकेदाराकडचे काम. सरकारी कर्मचाऱ्यांचे रजा नियम वेगळे असल्याने ते इथे घेतलेले नाहीत. आजारपणाचे पैसे बहुतेक वेळा तारखांच्या घोळात बुडतात, म्हणून उत्तरांत तारखांवर जरा जास्त भर आहे.

आजारी पडून घरी राहिलो तर पगार मिळतो का?

आपोआप मिळत नाही. पैसे तीन ठिकाणांहून येऊ शकतात आणि तुमचे आजारपण त्यातल्या कशात बसते ते आधी ओळखावे लागते.

पहिले ठिकाण म्हणजे कायद्याने मिळणारी भरपगारी रजा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला ८ किरकोळ रजा आहेत. त्या दर तिमाहीला थोड्या थोड्या जमा होतात आणि वर्षअखेर उरल्या तर बुडतात. शिवाय आदल्या वर्षी २४० दिवस भरले असतील तर दर २० दिवसांमागे १ दिवस हक्काची रजा मिळते आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. या कायद्यात ‘आजारपणाची रजा’ असा वेगळा रकाना मात्र नाही. बऱ्याच जणांना तो आहे असे वाटते. तुमच्या कंपनीत ७ किंवा १० ‘सिक लीव्ह’ असतील तर त्या कंपनीने स्वतःच्या धोरणात दिलेल्या आहेत आणि त्यांच्या अटी नेमणूकपत्रात किंवा एचआरच्या नियमपुस्तिकेत असतात. हा कायदा ठराविक संख्येच्या वर माणसे असलेल्या आस्थापनांनाच लागू होतो. आधी ती संख्या १० होती, २०२५ मध्ये ती २० वर नेली.

दुसरे ठिकाण ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजना. तिसरे ठिकाण कंपनीचे धोरण. यापैकी काहीच शिल्लक नसेल तर रजा बिनपगारी होते.

मला ईएसआय लागू आहे की नाही, हे कसे ओळखायचे?

पगारपत्रक पाहा. महिन्याचा पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल (दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी २५,०००) आणि आस्थापनेत १० किंवा जास्त माणसे असतील तर योजना लागू होते. तुमच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. १८,००० पगार असेल तर तुमच्या पावतीवर १३५ रुपये कपात दिसली पाहिजे, मालकाचा वाटा ५८५ रुपये होतो. सरासरी रोजचा पगार १७६ रुपयांपर्यंत असणाऱ्यांकडून त्यांचा वाटा घेतला जात नाही, पण मालकाला त्याचा भरावाच लागतो.

कपात दिसते म्हणजे पैसे जमा झालेच, असे मात्र धरून चालू नका. तुमचा १० आकडी विमा क्रमांक घ्या आणि ईएसआयसीच्या पोर्टलवर किंवा उमंग अॅपमध्ये प्रत्येक महिन्यासमोर रक्कम आणि दिवस दोन्ही भरलेले आहेत का ते बघा. मालकाने मागच्या महिन्याचे पैसे १५ तारखेपर्यंत भरायचे असतात. हे आजारी पडल्यावर बघण्यात अर्थ नाही, तीन-चार महिन्यांतून एकदा सहज बघून ठेवावे.

पहिल्या दिवशी नेमके काय करायचे?

पाळी सुरू होण्याआधी कळवा. तेही लेखी कळवा. फोन करून सांगितले तरी मागाहून व्हॉट्सअॅप, एसएमएस किंवा ईमेल टाकाच. सहा महिन्यांनी ‘न सांगता गैरहजर’ अशी नोटीस आली तर फोनवरचे बोलणे दाखवता येत नाही. मेसेज सुपरवायझरला आणि एचआर किंवा टाइम ऑफिसला, दोघांनाही पाठवा. सुपरवायझरच्या कानावर घातलेली गोष्ट मस्टरपर्यंत पोचतेच असे नाही, आणि सुपरवायझर बदलला की आधीचा निरोप कोणाला आठवत नाही. सहकाऱ्याकरवी निरोप पाठवणे हा सगळ्यात कच्चा मार्ग.

मेसेज लांबलचक नको. एवढे पुरते:

‘सर, काल रात्रीपासून ताप व उलट्या आहेत. आज दुसऱ्या पाळीला येता येणार नाही. ईएसआय दवाखान्यात जात आहे. दाखला मिळाला की फोटो पाठवतो. टोकन नं. ४१२, प्रेस शॉप.’

यात कारण, कुठल्या पाळीला येणार नाही, पुढे काय करणार आणि तुम्ही कोण, एवढे सगळे आले. ‘बरं नाहीये, येत नाही’ यात पुढचे काहीच कळत नाही, आणि दुसऱ्या दिवशीही न आल्यास तो खाडा विनाकळवणी धरला जातो.

आजार लांबतोय असे दिसले तर दाखल्यावरची तारीख संपायच्या आदल्या दिवशी पुन्हा कळवा. एक रजा संपून दुसरी सुरू होताना मध्ये एक दिवसही मोकळा राहता कामा नये. नोटिसा याच फटीतून येतात.

तुम्ही इस्पितळात असाल आणि फोन हातात नसेल तर घरच्या कोणीही कळवले तरी चालते. मेसेजमध्ये इस्पितळाचे नाव आणि भरती झाल्याची तारीख टाकायला सांगा.

आजार कोणता हे मालकाला सांगावेच लागते का?

मेसेजमध्ये ‘आजारी आहे, डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे’ एवढे पुरेसे आहे. दाखल्यावर निदान असते, ते एचआरकडेच राहावे आणि सूचनाफलकावर किंवा ग्रुपवर जाऊ नये, अशी अपेक्षा रास्त आहे. दाखल्याचा फोटो विभागाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर न टाकता एचआरला वैयक्तिक पाठवा. एचआयव्हीच्या बाबतीत २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे. नोकरीसाठी तुमची स्थिती उघड करायला कोणी भाग पाडू शकत नाही.

ईएसआयकडून आजारपणात किती पैसे मिळतात?

सरासरी रोजच्या पगाराच्या ७० टक्के, लागोपाठच्या दोन लाभ काळांत (सहा-सहा महिन्यांचे हे काळ पुढच्या प्रश्नात दिले आहेत) मिळून जास्तीत जास्त ९१ दिवस. पहिल्या आजारपणाचे पहिले २ दिवस मिळत नाहीत. त्यानंतर १५ दिवसांच्या आत पुन्हा आजारी पडलात तर हे २ दिवस पुन्हा कापले जात नाहीत.

उदाहरण घेऊ. पगार १८,००० रुपये. एप्रिल ते सप्टेंबर या सहा महिन्यांचे १,०८,००० झाले. मालकाने ईएसआयला दिलेल्या विवरणात सगळे म्हणजे १८३ दिवस दाखवले असतील तर रोजचे ५९० रुपये पडतात आणि त्याचे ७० टक्के सुमारे ४१३ रुपये. फेब्रुवारीत ३ ते १४ तारीख, म्हणजे १२ दिवस आजारी असाल तर २ दिवस वगळून १० दिवसांचे सुमारे ४,१३० रुपये खात्यात येतील. रविवारही मोजला जातो. या बारा दिवसांची पगारातली कपात २८ दिवसांच्या महिन्यात ७,७०० च्या आसपास होते, तेव्हा भरपाई पूर्ण नाही, निम्म्याहून थोडी जास्त आहे हे लक्षात ठेवा.

काही मालक महिन्याला २६ दिवस दाखवतात. मग भागाकार १५६ ने होतो, रोजचे ६९२ आणि लाभ सुमारे ४८५ रुपये. सारखा पगार असलेल्या दोघा मित्रांना वेगवेगळा दर मिळतो तो यामुळे. त्यात कोणी कोणाचे पैसे खाल्लेले नसतात.

‘७८ दिवस भरले नाहीत’ म्हणून अर्ज परत आला. म्हणजे काय?

आज आजारी पडलात तर आजचा नाही, आधीच्या सहामाहीचा हिशेब बघतात. १ एप्रिल ते ३० सप्टेंबर या योगदान काळात किमान ७८ दिवसांचे पैसे भरलेले असतील तर पुढच्या वर्षी १ जानेवारी ते ३० जून या लाभ काळात पैसे मिळतात. १ ऑक्टोबर ते ३१ मार्चचे योगदान १ जुलै ते ३१ डिसेंबर या काळासाठी धरतात. म्हणजे मधे तीन महिन्यांचे अंतर असते. हे एकदा डोक्यात बसले की बाकीचे सोपे.

अर्ज परत येण्याची कारणे बहुतेक वेळा कामगाराच्या हातातली नसतात. मालकाने विवरणात रक्कम भरली, पण ‘पगार दिलेले दिवस’ चुकीचे टाकले. किंवा आधीच्या आजारपणात शून्य दिवस दाखवताना कारणाच्या जागी ‘रजेवर’ ऐवजी ‘नोकरी सोडली’ निवडले. किंवा ठेकेदार बदलला आणि नव्याने जुना विमा क्रमांक न वापरता नवा काढला, मग ४० दिवस एका क्रमांकावर आणि ५० दुसऱ्यावर, दोन्हीकडे ७८ च्या खाली. शेवटच्या प्रकारात दोन्ही क्रमांक आणि आधार घेऊन शाखा कार्यालयात जा आणि नोंदी एकत्र करण्याचा लेखी अर्ज द्या. पहिल्या दोन प्रकारांत दुरुस्ती मालकालाच करावी लागते, म्हणून त्यांच्याकडे मागणी लेखी करा आणि प्रत ठेवा.

नुकताच कामाला लागलो आहे. मला काय मिळेल?

औषधोपचार पहिल्या दिवसापासून. रोख लाभ मात्र नेमणुकीपासून ९ महिन्यांनी सुरू होतो. १० जूनला लागलात तर पहिला योगदान काळ १० जून ते ३० सप्टेंबर, आणि पहिला लाभ काळ पुढच्या वर्षी १० मार्च ते ३० जून. पहिला योगदान काळ अपुरा असल्याने ७८ दिवसांची अट लागत नाही, त्या काळातल्या उपलब्ध दिवसांपैकी निम्मे भरलेले पुरतात. मधल्या नऊ महिन्यांत आजारी पडलात तर कंपनीची रजा हाच आधार.

खासगी डॉक्टरचा दाखला चालतो का?

कंपनीच्या रजेसाठी साधारणपणे चालतो. एमबीबीएस किंवा त्यावरचे शिक्षण, नोंदणी क्रमांक, शिक्का, तपासल्याची तारीख आणि किती दिवस विश्रांती, एवढे त्यावर हवे. ‘रुग्ण माझ्याकडे उपचार घेत आहे’ एवढेच लिहिलेला कागद रजेसाठी कुचकामी आहे.

ईएसआयच्या पैशासाठी दाखला ईएसआयच्या डॉक्टरचाच लागतो, म्हणजे ईएसआय दवाखाना, इस्पितळ किंवा योजनेशी जोडलेला विमा वैद्यकीय व्यावसायिक. इथे होणारी नेहमीची चूक अशी: माणूस चार दिवस गल्लीतल्या डॉक्टरकडे जातो, औषध लागू पडत नाही म्हणून पाचव्या दिवशी ईएसआय दवाखान्यात जातो. तिथला डॉक्टर त्याला पाचव्या दिवसापासून दाखला देतो, कारण त्याने पाचव्या दिवशी तपासले. आधीचे चार दिवस गेले. तेव्हा उपचार कुठेही घ्या, पण आजारपण आठवडाभर चालेल अशी शंका आली तरी पहिल्या-दुसऱ्या दिवशी ईएसआय दवाखान्यात नाव लागलेच पाहिजे.

गावी गेलो आणि तिथेच आजारी पडलो तर?

गणपतीला, होळीला कोकणात गेलेल्या किंवा मराठवाड्यात पेरणीला गेलेल्या लोकांचा हा ठरलेला प्रश्न. जवळपास ईएसआयचा दवाखाना असेल तर ई-पहचान कार्ड (ईएसआयचे ओळखपत्र) दाखवून तिथे जा. नसेल तर ग्रामीण रुग्णालय किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, सरकारी केसपेपर आणि दाखला घ्या. ईएसआयच्या विनियमांत, परिस्थिती तशी असेल तर, त्यांच्या डॉक्टरऐवजी दुसरा पुरावा मान्य करण्याची सोय आहे. त्याला ‘पर्यायी पुरावा’ म्हणतात. तो आपोआप मान्य होत नाही. परत आल्यावर केसपेपर, तपासण्यांचे अहवाल, औषधांची बिले आणि गावी होतात हे दाखवणारे तिकीट जोडून शाखा कार्यालयात अर्ज करावा लागतो. सरकारी दवाखान्याचे कागद असले की काम बरेच सोपे होते.

उलट परिस्थितीत, म्हणजे मुंबईत दाखला घेऊन विश्रांतीसाठी गावी जायचे असेल तर आधी ईएसआयच्या डॉक्टरची परवानगी घ्या. लाभ चालू असताना उपचाराचे ठिकाण परवानगीशिवाय सोडता येत नाही.

दाखला मिळाला. पैसे खात्यात येईपर्यंत काय काय करावे लागते?

दवाखान्यातून पहिला दाखला (नमुना ७) मिळतो. आजार लांबला तर दर आठवड्याला मधला दाखला आणि बरे झाल्यावर शेवटचा, ज्यावर कामावर रुजू होण्याची तारीख असते. मोठ्या आजारात डॉक्टर चार आठवड्यांपर्यंतचा विशेष मधला दाखला (नमुना ८) देऊ शकतात. यांच्यासोबत नमुना ९ मध्ये लाभाचा दावा करायचा. हल्ली हे पोर्टलवरून होते. जमत नसेल तर शाखा कार्यालयात कागदावर द्या.

दाखले साठवून शेवटी एकदम देण्याची सवय वाईट. पहिला दाखला त्याच आठवड्यात पोचवा, उशीर झाला की मागचे दिवस अडकतात. त्यानंतर शाखा कार्यालय मालकाकडून खातरजमा करू शकते (नमुना १०): या दिवसांत हा माणूस खरेच गैरहजर होता का, त्याला पगार दिला का. हा कागद मालकाच्या टेबलावर पडून राहिला की पैसे थांबतात. पंधरवड्यात पैसे आले नाहीत तर आधी शाखेत ‘नमुना १० पाठवलाय का’ हे विचारा, मग एचआरच्या मागे लागा.

उरलेला अडथळा बँकेचा. ईएसआयच्या नोंदीत जुना आयएफएससी (बँक शाखेचा कोड) असेल तर रक्कम परत जाते. देना बँक आणि विजया बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात, सिंडिकेट बँक २०२० मध्ये कॅनरा बँकेत गेली. त्या काळात खाते दिलेल्यांनी पासबुक नव्याने तपासावे. लग्नानंतर नाव बदललेल्या महिलांनी आधार, बँक आणि ईएसआय या तिन्हीकडचे नाव एकच आहे ना ते पाहावे.

भरपगारी रजाही टाकली आणि ईएसआयचा दावाही केला, तर?

ज्या दिवसाचा पगार मिळाला, त्या दिवसाचा आजारपण लाभ नाही. नमुना १० मध्ये हे उघड होते आणि घेतलेले पैसे परत करावे लागतात. पहिले दोन दिवस, ज्यांचा लाभ मुळातच नाही, त्यांना बरेच जण किरकोळ रजा टाकतात आणि तिसऱ्या दिवसापासून ईएसआय घेतात. ही विभागणी एचआरला आधीच सांगा. महिनाअखेर संगणकाने सगळ्या दिवसांना रजा लावून टाकली की निस्तरणे कठीण.

लाभ घेत असताना दुसरीकडे काम करणे, रिक्षा चालवणे किंवा दुकानात बसणे हेही याच प्रकारात मोडते. खोटी माहिती देऊन लाभ घेणे हा गुन्हा आहे.

तीन दिवसांच्या तापासाठी ईएसआयचा खटाटोप करावा का?

आमच्या मते नाही. दोन दिवस वगळले की हाती एका दिवसाचे चारशे-साडेचारशे येतात आणि त्यासाठी दोन फेऱ्या होतात. रजा शिल्लक असेल तर रजा टाका. पाच-सहा दिवसांच्या पुढे जाणारे काहीही, म्हणजे डेंग्यू, टायफॉइड, कावीळ, शस्त्रक्रिया, हाड मोडणे, असेल तर ईएसआय घ्या आणि हक्काची रजा वाचवा.

एक खाडा केला की आमचा मालक तीन दिवसांचा पगार कापतो. हे कायद्यात बसते का?

नाही. गैरहजेरीची कपात गैरहजेरीच्या प्रमाणातच हवी. एक दिवस नाही आलात तर एका दिवसाचा पगार. हा नियम १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यापासून आहे. त्याला एकच मोठा अपवाद आहे: दहा किंवा जास्त कामगारांनी संगनमताने, पूर्वसूचना न देता, वाजवी कारणाशिवाय काम बंद ठेवले तर जास्तीत जास्त आठ दिवसांची कपात होऊ शकते. आजारी माणसाचा त्याच्याशी संबंध नाही. ‘कंपनीचा नियम आहे’ हे उत्तर इथे चालत नाही.

हजेरी बोनस मात्र वेगळा. महिनाभर पूर्ण हजर राहिल्यास ५०० रुपये अशी योजना असेल आणि खाडा झाला म्हणून ते मिळाले नाहीत, तर ती पगारकपात धरली जात नाही.

शनिवार-सोमवार आजारी होतो, मधला रविवारही रजेत धरला.

यालाच ‘सँडविच’ म्हणतात. कारखान्यातल्या हक्काच्या रजेला हे लावता येत नाही. रजेच्या मधे किंवा दोन्ही टोकांना येणाऱ्या सुट्ट्या रजेत मोजायच्या नाहीत, असे कायदाच सांगतो. कंपनीने स्वतःहून जादा दिलेल्या रजेच्या अटी धोरणात वाचा.

कारखान्यात रजेचा अर्ज १५ दिवस आधी द्यावा लागतो. आजार काय सांगून येतो?

म्हणूनच १९४८ च्या कारखाने कायद्यात कलम ७९(७) होते: आजारपणासाठी हक्काची रजा मागितली तर अर्ज मुदतीत नसला तरी ती द्यावी लागते आणि रजेचा पगार अर्जापासून १५ दिवसांत द्यावा लागतो. ‘आधी सांगितले नाही म्हणून बिनपगारी’ असा शेरा मारणाऱ्या टाइम ऑफिसला हे दाखवण्यासारखे आहे.

क्षयरोग, कर्करोग असा लांबचा आजार असेल तर?

९१ दिवस संपल्यावर विस्तारित आजारपण लाभ सुरू होतो. ३४ ठरावीक आजारांना तो आहे: क्षयरोग, कुष्ठरोग, कर्करोग, अर्धांगवायू, मूत्रपिंड निकामी होणे, काही मानसिक आजार वगैरे. दर ८० टक्के आणि वैद्यकीय मंडळाच्या शिफारशीने जास्तीत जास्त दोन वर्षांपर्यंत. अट अशी की सलग दोन वर्षे नोकरी आणि लागोपाठच्या चार योगदान काळांत मिळून १५६ दिवसांचे योगदान हवे. इथे एक धोका आहे: नव्वदाव्या दिवशी जागे होऊन चालत नाही. निदान झाल्याबरोबर दवाखान्याला सांगून दाखल्यावर आजाराचे नाव नीट लिहून घ्या. ‘अशक्तपणा, खोकला’ असे तीन महिन्यांचे दाखले असतील तर पुढचा प्रस्ताव अडतो.

नसबंदीसाठी पूर्ण पगाराइतका लाभ आहे: पुरुषांना ७ दिवस, स्त्रियांना १४ दिवस. बाळंतपणाचा लाभ वेगळा असतो, २६ आठवडे पूर्ण दराने, आणि त्याला आधीच्या दोन योगदान काळांत मिळून ७० दिवस लागतात.

कामावर जखम झाली. हेही आजारपणच का?

नाही, आणि तसे लिहून देऊ नका. कामावरच्या अपघाताला तात्पुरते अपंगत्व लाभ मिळतो: ९० टक्के, पहिल्या दिवसापासून, बरे होईपर्यंत, ७८ दिवसांची अट नाही. फक्त अपघाताचा दिवस सोडून किमान तीन दिवस काम करता येणार नाही अशी स्थिती हवी. सुपरवायझर ‘आजारपण लिही, उगाच चौकशी नको’ असे सुचवतो तेव्हा तो तुमचे २० टक्के आणि पुढे कायमचे अपंगत्व राहिल्यास त्याची भरपाई घालवत असतो.

अपघात पुस्तकात त्याच दिवशी नोंद करून घ्या. साक्षीदारांची नावे, वेळ, यंत्राचा क्रमांक आणि शरीराचा कोणता भाग हे त्यात असू द्या. उजवा-डावा चुकला तरी दावा लटकतो. मालकाने अपघाताचा अहवाल (नमुना १२) २४ तासांत पाठवायचा असतो. तो टाळाटाळ करत असेल तर तुम्ही स्वतः शाखा व्यवस्थापकाला लेखी कळवू शकता.

घरून कामावर जाता-येता झालेला अपघातही, वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध दिसत असेल तर, २०१० च्या दुरुस्तीपासून यात येतो. लोकलचा पास, पाळीचे वेळापत्रक, पोलीस किंवा रेल्वे पोलिसांची नोंद सांभाळा.

मी ठेकेदाराकडे आहे. कोणाला कळवू?

दोघांना. ठेकेदार तुमचा मालक, पण ईएसआयचे पैसे ठेकेदाराने भरले नाहीत तर मूळ कंपनीची जबाबदारी येते. मेसेज ठेकेदाराच्या माणसाला आणि कंपनीतल्या विभागप्रमुखाला पाठवा.

आजारपणात नोकरीवरून काढू शकतात का?

ईएसआयच्या १९४८ च्या कायद्याने कलम ७३ मध्ये आजारपण लाभ घेत असलेल्या किंवा दाखल्यावर आजारी असलेल्या कामगाराला काढायला, त्याची श्रेणी कमी करायला किंवा शिक्षा करायला बंदी घातली. पण हे संरक्षण दाखल्याला आहे. घरी तापाने फणफणत पडलेला, पण ना मेसेज ना दाखला, अशा माणसाला ते लागू होत नाही.

महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांत (नोकरीच्या अटी आणि शिस्तीचे नमुना नियम) सलग १० दिवसांहून जास्त विनापरवानगी गैरहजेरी हे गैरवर्तन आहे. तरीही मस्टरवरून नाव थेट उडवता येत नाही. डी. के. यादव प्रकरणात १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आठ दिवसांहून जास्त गैरहजर राहिला म्हणून चौकशी न करता, बाजू न ऐकता काढणे बेकायदा आहे. २०१२ मध्ये कृष्णकांत परमार प्रकरणात न्यायालयाने म्हटले की आजारपणासारख्या नाइलाजाने झालेली गैरहजेरी जाणूनबुजून केलेली धरता येत नाही.

नोटीस आली तर मुदतीत उत्तर द्या. दोन परिच्छेद पुरतात: कोणत्या तारखेपासून आजारी, कधी कोणाला कळवले, सोबत दाखल्यांच्या प्रती. नोटीस कंपनीच्या नोंदीतल्या पत्त्यावर जाते. खोली बदलली आणि पत्ता बदलला नाही, तर लिफाफा ‘पत्त्यावर नाही’ असा शेरा घेऊन परत जातो आणि चौकशी तुमच्याविना पूर्ण होते. काढलेच तर वाट बघत बसू नका. १९७१ च्या महाराष्ट्र कायद्याखाली अनुचित कामगार प्रथेची तक्रार करायला ९० दिवस असतात.

बरा झालो, पण गेटवर आत घेत नाहीत.

शेवटचा दाखला किंवा फिटनेस सर्टिफिकेट घेऊन ठरल्या तारखेला, ठरल्या पाळीला जा. प्रत देऊन पोच घ्या. सुरक्षारक्षकाने अडवले तर वाद न घालता तिथूनच, गेटसमोरूनच, एचआरला मेसेज करा: ‘आज सकाळी ६.५० ला रुजू व्हायला आलो आहे, दाखला सोबत आहे, आत सोडले जात नाही.’ त्याच दिवशी पोचपावतीच्या टपालाने पत्र टाका. न कळवता घरी परतलात तर तो दिवस तुमच्याच गैरहजेरीत जातो.

पगार २१,००० च्या वर गेला. आता?

योगदान काळाच्या मध्ये वाढ झाली तर तो काळ संपेपर्यंत, म्हणजे ३० सप्टेंबर किंवा ३१ मार्चपर्यंत, कपात चालू राहते आणि त्याला जोडलेल्या लाभ काळातला हक्कही राहतो. त्यानंतर कंपनीची रजा आणि धोरण हाच आधार. मेडिक्लेम इस्पितळाचे बिल देतो, बुडालेला पगार देत नाही. नोकरी स्वीकारतानाच आजारपणाच्या रजा किती, पुढच्या वर्षी जमा होतात का आणि किती दिवसांनंतर दाखला लागतो, हे तीन प्रश्न विचारून घ्या.

नव्या श्रम संहितांनी काय बदलले?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार संहिता लागू झाल्या आणि ईएसआयचा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. संहितेशी विसंगत नसलेले जुने नियम-विनियम नवे येईपर्यंत चालतात, म्हणून दाखले आणि नमुने ओळखीचेच दिसतील. कारखान्यात हक्काच्या रजेसाठी २४० ऐवजी १८० दिवस पुरतात आणि प्रत्येकाला नेमणूकपत्र देणे बंधनकारक आहे. नोटिशीत कलमांचे आकडे वेगळे दिसले तर गोंधळू नका, आधी कोणता कायदा लिहिला आहे ते पाहा.

तक्रार कुठे करायची?

ईएसआयच्या पैशाबद्दल आधी शाखा कार्यालय, मग दर महिन्याला भरणारा ‘सुविधा समागम’, म्हणजे ईएसआयची तक्रारी ऐकण्याची बैठक. तिथे विमा क्रमांक, दाखल्यांच्या प्रती आणि दावा दिल्याची पोच घेऊन जा. टोल-फ्री क्रमांक १८००-११-२५२६. दुकान-ऑफिसमधली रजा किंवा कपात असेल तर मुंबईत महापालिकेच्या विभाग कार्यालयातला दुकाने व आस्थापना विभाग, इतरत्र कामगार आयुक्तांचे जिल्हा कार्यालय. कारखान्यातल्या पगारकपातीसाठीही कामगार आयुक्तांकडेच. तोंडी सांगू नका. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊनच बाहेर पडा.